हिराच्या वॉर्डात माझं मत

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी मी अजून धड एका जागी बसलेली नाही. विनिपेगमध्ये बाहेर उणे बावीस आहे, गाडी काढायची तर आधी फावड्याने बर्फ ओढावा लागतो, आणि मी स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशा येरझारा घालतेय. श्रीधर, म्हणजे माझा नवरा, काल वैतागून म्हणाला, "एवढं पोटात ठेवून घरभर फिरू नकोस. लिहून काढ." म्हणून हे लिहितेय. पालघर जिल्हा म्हटलं की लोकांना केळव्याचा किनारा आठवतो, नाहीतर डहाणूचे चिकू. मी गेले होते निवडणुकीला.

तीही ग्रामपंचायतीच्या. हसा खुशाल. श्रीधरही हसला होता.

आमचं गाव बोईसरहून तारापूरकडे गेलं की पुढे, खाडीच्या तोंडाशी आहे. नाव सांगत नाही, कारण विषय निवडणुकीचा आहे आणि गावात सगळ्यांना वाचता येतं. तेविसाव्या वर्षी मी त्या पंचायतीची सदस्य होते. पाच वर्षं! सरपंचाशी भांडून कोपऱ्यावरचा नळ आणला होता मी. हिरा तेव्हा माझी मतदान केंद्रातली एजंट. यादी मांडीवर घेऊन बसायची आणि कोण खरं, कोण खोटं, हे चेहऱ्यावरून सांगायची. मग बोईसरच्या एका कारखान्यात केमिस्ट असलेल्या श्रीधरशी लग्न झालं, त्याचे कॅनडाचे कागद आले, आणि आम्ही निघालो. त्याला आता चोवीस वर्षं होतील.

निघाले खरी, पण गावाचं राजकारण काही माझ्या डोक्यातून निघालं नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्याइतके लांबलचक मेसेज कोणी टाकत नाही. गटाराचं टेंडर असो, शाळेचं छप्पर असो, माझं मत तयार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण सवय सुटत नाही. एकदा तर आमच्या विनिपेगच्या दारात एक म्हातारा उमेदवार मत मागायला आला होता. बर्फात उभा होता बिचारा. मी दारात उभी राहून त्याला हो हो म्हणत होते आणि हातातल्या फोनवर वाचत होते की गावात तीन नंबरच्या वॉर्डातून कोण उभं राहतंय. त्या म्हाताऱ्याला मत द्यायला मी गेले नाही. खरं सांगायचं तर इथे मी आजवर एकदाही मत दिलेलं नाही.

द्यायचा हक्क मात्र आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. मुलीच्या शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी, आणि थोडं विमानतळावरच्या रांगांना कंटाळूनही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, आणि त्याबरोबर तिथलं मतही. पंचायतीची सदस्य राहिलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको. पण जुनं मतदार ओळखपत्र मी पर्समध्ये तसंच ठेवलं होतं. आपलं नाव गावच्या यादीत अजून असणार, ही एक गोष्ट मला बरी वाटायची. आणि हे सगळं मी हिराला सांगितलं नव्हतं.

या वर्षी हिरा स्वतः उभी राहिली. वॉर्ड लहान, लढत चुरशीची. समोर वसंताची बायको. वसंताचं किनाऱ्यावर लॉज आहे, आणि मासळी सुकवायची जी जागा आहे तिच्यातली अर्धी गाड्यांच्या पार्किंगला द्यायची असं त्यांचं चाललंय. हिराचं म्हणणं, जागा गेली तर आमच्या बायकांनी मासळी सुकवायची कुठे? डोक्यावर? ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "विजू आली तर हिराचं एक मत वाढेल." विजू म्हणजे मी. मी त्याच दिवशी तिकीट काढलं. वाढेल की नाही, हे मला माहीत होतं. तरी काढलं.

बोईसर

बोईसर स्टेशनच्या बाहेर पडले आणि मी कुठे उतरले तेच कळेना. माझ्या वेळेला इथे एक वडाचं झाड, दोन चहाच्या टपऱ्या आणि कारखान्यांच्या बसगाड्या असायच्या. आता पुलाखाली नुसती मोबाईलची दुकानं. शेअर रिक्षात माझ्या दोन्ही बाजूंना पाळी संपवून निघालेले कामगार होते, हातात डबे, डोळ्यांत झोप. त्यांच्यातल्या एकाने माझ्या बॅगेची चिठ्ठी वाचून विचारलं, "मॅडम, बाहर से आई हैं? यहाँ किसके घर?" मी तोऱ्यात मराठीत सांगितलं, "मी इथलीच आहे." तो बिचारा म्हणाला, "अच्छा, हम भी बारह साल से यहीं के हैं।"

माझा तोरा जास्त टिकला नाही. बोलण्याच्या नादात तारापूरच्या नाक्यावर उतरायचं राहून गेलं आणि रिक्षावाल्याने मला थेट चिंचणीच्या बाजूला नेऊन सोडलं. "ताई, तुमीच बोल्ल्या ना इथलीच हाय म्हनून," तो म्हणाला. उन्हात बॅग ओढत परत आले. बॅगेची चाकं विमानतळाच्या फरशीसाठी बनवलेली होती. एक चाक वाळूत निखळलं ते निखळलंच.

गाव

हिरा दारातच मासळी निवडत बसली होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले, आणि पहिलं वाक्य काय तर, "जाडी झालीस की गो!" मग गळ्यात पडून रडली. मीही रडले. तिच्या अंगाला ओल्या जाळ्याचा वास होता आणि मला वाटलं, झालं, पोचले.

जेवायला तांदळाची भाकरी, ताज्या बोंबलांचं कालवण आणि कोलंबी घातलेली वाल-वांगी. तीन भाकऱ्या खाल्ल्या. विनिपेगला कुणाकडे जेवायला जायचं तर तीन आठवडे आधी दिवस ठरतो आणि आपण काय खात नाही ते कळवायचं असतं. इथे हिराचा नवरा काशिनाथ मला न विचारता चौथी भाकरी ताटात टाकून म्हणाला, "खा ताई, प्रचाराला ताकद लागते."

संध्याकाळी प्रचाराला निघालो. मी यादी मागितली. माझ्या काळी प्रत्येक नावापुढे खूण करायची असायची, पक्का, कच्चा, समोरचा, आणि त्या खुणा करण्यात माझा हात कुणी धरत नसे. हिराने यादीची पिशवी बगलेत घट्ट धरली. "यादी माज्यापाशी राहूं दे. तू बोलायचं काम कर. तुला बोलायला आवडते."

मला जरा लागलं. पण बोलायला आवडतं हेही खरंच. म्हणून मी पहिल्याच घरात बोलायला सुरुवात केली, कोपऱ्यावरच्या नळापासून. त्या घरातली सून माझ्याकडे टकामका बघत राहिली. "कोनता नळ, आत्या?" आता घराघरात पाइप आले आहेत, आणि माझा तो नळ रस्ता रुंद करताना उपटून कधीच भंगारात गेला. हिरा हसू दाबत होती.

पुढच्या घरात मी त्याहून मोठा घोळ केला. निळं दार, ओळखीचा ओटा. मी हिराची वाट न बघता आत शिरले आणि बसलेल्या म्हातारीला म्हटलं, "मावशी, त्या वसंताला या वेळेला चांगला हिसका दाखवायचा. समुद्र विकायला निघालाय मेला!" म्हातारी शांतपणे म्हणाली, "बस बाय, चाय पी. वसंता आताच भाईर गेला. माजाच पोरगा तो." वसंताचं घर पूर्वी पलीकडच्या आळीत होतं, हे घर त्याने मागाहून घेतलं होतं. पण खरी गंमत पुढेच. हिराने आत येऊन त्या म्हातारीच्या पायाला हात लावला, तिच्या गुडघ्यासाठी आणलेलं तेल दिलं आणि चहा पिऊन उठली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "माज्या धाकटीला त्यांच्या भावकीत दिलीय. निवडनूक एका दिसाची, विजू. सोयरीक आमाला जन्माची हाय. तू ग्रुपवर लिवतेस ना तसं हितं नाय बोलायचं."

तिकडे बसून मी वसंताला काय काय म्हटलं होतं! मला तिकडून गाव दोन बाजूंचं दिसायचं, एक आपली, एक त्यांची. इथे दोन्ही बाजू एकाच लग्नाच्या पंगतीत जेवत होत्या. रस्त्यात जो भेटेल तो मात्र म्हणत होता, "आली काय विजू? हिराचं एक मत पक्कं झालं." हिरा त्यावर काहीच बोलत नव्हती. मला वाटलं, भरवसा आहे तिचा माझ्यावर, म्हणून बोलत नाही.

देवळासमोरची सभा

आमच्या गावात एक अडचण होती, जी बाहेरच्याला चटकन कळायची नाही. मतदानाचा दिवस नेमका उधाणात आला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, पाण्याला ओढ असते, आणि तेव्हाच त्या ओढीला तोंड करून लावलेल्या डोलीच्या जाळ्यांत मासळी भरपूर लागते. अशा दिवसांत पुरुष किनाऱ्यावर सापडत नाहीत. वसंताची माणसं लॉजवाली आणि कारखान्यात जाणारी, ती त्या दिवशी घरी. हिराची माणसं सगळी समुद्रावर. म्हणजे मतदान व्हायच्या आधीच हिरा पडली.

यावर उपाय एकच. गावाने मिळून एक दिवस समुद्र बंद ठेवायचा, कुणीच बोट काढायची नाही. त्यासाठी देवळासमोर सभा बसली. घरटी एक माणूस. दामूबाबा मधोमध बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी तांडेल म्हणून बोट चालवली, आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण सभेत कोण बोलणार ते तेच ठरवतात.

वसंताकडच्या एकाने म्हटलं, उधाणाचा दिवस फुकट घालवणं परवडायचं नाही. झालं, मला राहवलं नाही. मी उठले. लोकशाही, हक्क, आपल्या बायांची जागा, सगळं काढलं. आवाज चांगला लागला होता. दहा वाक्यं झाली असतील, दामूबाबांनी हात वर केला.

"कोन बोलते हाय?"

"मी विजू, बाबा. भिवा तांडेलाची मुलगी."

"वळखला आवाज. बाय, तुज्या घरात चूल पेटते काय?"

आई-वडील गेल्यापासून आमचं घर बंद आहे. कौलं उतरवून ठेवलीत.

"मग खाली बस," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले. "ज्याच्या घरात चूल पेटते, त्यानं सभेत बोलायचं. तुज्या बापाच्या वेळंपासून हाच नेम हाय. तू पावनी. ऐक, चाय पी."

मी खाली बसले. कान तापले होते. मग हिराची जाऊ उठली, कधी सभेत तोंड न उघडणारी बाई. तिने एवढंच म्हटलं, "एक दीस बोट नाय गेली तर काय व्हते? वरसभर मासली सुकवायची जागा गेली तर?" आणि समुद्र बंद ठेवायचं ठरलं. तिच्या दोन वाक्यांत ठरलं. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी ते वाक्य आपण म्हणायला हवं होतं म्हणून चडफडलेही. असला कद्रूपणा कबूल करायला लाज वाटते, पण होता.

त्या सभेनंतर मला धड जेवण जाईना. सभेत माझा आवाज नव्हता, पण पेटीत माझं मत होतं, असं एक मन म्हणायचं. कोण बघतंय? ओळखपत्र पर्समध्ये आहे, गाव ओळखतं, एजंट हिराचीच. बोटाला शाई लावायची आणि बाहेर यायचं. चुरशीच्या लढतीत एका मताने मैत्रीण पडली तर? दुसरं मन म्हणायचं, अगं, हा गुन्हा आहे. आणि हिराला तोंड कसं दाखवशील? मी स्वतःला ओळखते. नाव यादीत राहिलं असतं, तर माझ्या हाताने माझं ऐकलं नसतं. म्हणून ठरवलं, पालघरला तहसील कचेरीत जायचं, आपल्या हाताने अर्ज देऊन नाव काढून टाकायचं, आणि मग हिराला सांगायचं. हिराला म्हटलं, "वाणगावला मिरच्या आणायला जाते." ही माझी त्या नऊ दिवसांतली एकच थाप, पण थाप ती थापच.

वाणगाव आणि पालघर

वाणगावला खरंच मिरच्या घेतल्या, थापेला आधार म्हणून. स्टेशनाबाहेर हिरव्या मिरच्यांच्या गोण्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि गाडीला तासभर अवकाश. फलाटावर एक कुटुंब बोचकी घेऊन बसलं होतं, नवरा-बायको आणि कडेवरचं पोर. बाई माझ्याच वयाची वाटली, पण असेल पंधरा वर्षांनी लहान. डोंगराकडच्या एका पाड्यावरची. भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला गेले होते, मधेच परत आले होते.

"आजारी आहे का कुणी?" मी विचारलं.

"नाय. परवा मत हाय ना. पाड्यावर माजा भाऊ उभा हाय. मत टाकू नि परत जाऊ."

"आणि भट्टीवरची मजुरी?"

"ती बुडंल चार दिस," ती म्हणाली आणि हसली. "तुमी कुठं चालल्या?"

मी म्हटलं, "पालघरला. कचेरीत काम आहे." काय काम, ते सांगायला जीभ रेटेना. माझ्या हातातल्या मिरच्यांची पिशवी बघून ती म्हणाली, "लय घेतल्या. घरात किती मानसं हायेत?" मी तिला अर्ध्या देऊन टाकल्या. तिने एक लगेच भाकरीबरोबर खाल्ली.

पालघरच्या कचेरीत निवडणूक विभागात एक तरुण मुलगी बसली होती. समोर फायलींचा ढीग, शेजारी पंखा, तोंडावर थकवा, पण वागायला गोड. मी ओळखपत्र पुढे केलं आणि घसा साफ करून म्हटलं, "माझं नाव वगळायचंय. मी आता परदेशी नागरिक आहे."

हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेही अनोळखी मुलीला.

तिने नंबर घातला, संगणकाकडे बघितलं, परत घातला. "मॅडम, तुमचं नाव यादीत नाहीच आहे. मागच्या निवडणुकीनंतरच वगळलंय. घरावर नोटीस लावली होती, उत्तर आलं नाही."

"कुणी वगळलं?" माझा आवाज चढला. वगळायलाच आले होते मी, आणि दुसऱ्या कुणी वगळलं म्हणून आवाज चढवत होते!

तिने जुन्या अर्जांची फाइल काढली, पानं उलटली, आणि एक अर्ज माझ्यासमोर धरला. अर्ज देणाऱ्याचं नाव वाचलं. हिरा. तिची ती वाकडी, जोर देऊन केलेली सही मी कुठेही ओळखेन. मीच शिकवली होती तिला.

परतीच्या गाडीत बसायला जागा होती तरी मी दारापाशी उभी राहिले. राग आला होता, भयंकर राग. मी तिच्यासाठी अर्धं जग ओलांडून आले आणि हिने मला परस्पर खोडून टाकलं? स्टेशनावर उतरले तेव्हा रागात आणखी काहीतरी मिसळलं होतं, आणि ते काय होतं ते बघायची मला इच्छा नव्हती.

हिरा अंगणात एकटीच होती, जाळं शिवत. मी उभ्या उभ्या विचारलं, "माझं नाव तू कापलंस?"

तिने मान वर केली नाही. सुई जाळ्यातून ओढली, गाठ मारली. "वाणगावच्या मिरच्या पालघरला मिळत्या काय गो?"

"हिरा, उत्तर दे."

"दिला अर्ज. मीच दिला." मग तिने सुई खाली ठेवली. "मागच्या निवडनुकीला मी एजंट होती. दुपारी एक बाय आली, पदर तोंडावर. म्हनाली, मी विजू, भिवा तांडेलाची. तुज्या नावावर मत टाकाया आलेली. समोरच्यांची नव्हती, विजू. आपल्याच लोकांनी धाडलेली. मत आपल्यालाच पडनार होतं. मी उठून उभी राहिली आनि बोल्ली, ही विजू नाय. आपली मानसं चार महिने बोल्ली नाय माज्याशी. तवा ठरवलं, आता परत कोन तुज्या नावाचा पदर घेऊन यायला नको."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. मी ओट्यावर बसले.

"मला कळवायचं तरी."

"तू कळवलं काय?" ती म्हणाली. "तुज्या पोरीनं फोटू टाकलेला, तुमी सगळी हातात लाल पानाचा झेंडा घेऊन शपथ घेतल्याचा. चार वरसं झाली. मी वाट बगते हाय, विजू सांगल, विजू सांगल. हितं आल्यावर तरी सांगल."

"लाज वाटली," मी म्हटलं. खरं तेच होतं.

"लाज कसली? पोट जिथं, मानूस तिथं. पन मला लांबचं धरलंस ना, ते लागलं." आणि मग तिने जाळ्याचं दुसरं टोक माझ्याकडे टाकलं. "धर, ओढून धर. गाठ सैल बसते."

मतदानाचा दिवस

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचाही जीव टांगणीला नको. हिरा निवडून आली. एकवीस मतांनी. माझ्या मताने काहीच फरक पडला नसता. हे मला परत निघताना विमानतळावर कळलं आणि मी तिथल्या खुर्चीत बसून एकटीच हसले, मग डोळे पुसले. शेजारच्या बाईने घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

पण मला लिहायचंय ते त्या दिवसाबद्दल. समुद्र बंद ठरला होता, म्हणून आदल्या दिवशी बोटींनी जीव तोडून मासळी आणली. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांना आमच्याकडे वलांड्या म्हणतात. बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते जोडीजोडीने त्यांवर टांगतात. त्या सकाळी एकही दांडी मोकळी नव्हती. खाली चटयांवर जवळा पसरलेला. आणि कावळे, कुत्री, बगळे सगळे हजर. बायकांची पंचाईत झाली, मासळी सोडून शाळेत मतदानाला जायचं कसं? एकेकीने आळीपाळीने गेलं तर संध्याकाळ होणार.

हिराने माझ्याकडे बघितलं. मीच तिच्या हातातली काठी घेतली.

"जा सगळ्या," मी म्हटलं. "मी बसते."

त्या गेल्या. ठेवणीतली लुगडी, केसांत अबोली, चाळीसएक बायका वाळूतून ओळीने शाळेकडे. मी एकटी राहिले. आयुष्यात मी मतदानाच्या दिवशी कधी एका जागी बसले नव्हते. इकडून तिकडे पळणं, याला उठव, त्याला आण, अमक्याला गाडी पाठव. आता शाळेकडून गलका ऐकू येत होता आणि मला उठून जाता येत नव्हतं. दोन वेळा उठले. पाच पावलं गेले. तेवढ्यात कुत्र्याने जवळ्यात तोंड घातलं. परत धावत आले, काठी आपटली, घसरून चिखलात बसले. नवी जीन्स गेली कामातून. ऊन चढलं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हाड हाड करत फिरत राहिले, आणि तोंडाने वसंताला, दामूबाबांना, हिराला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या देत होते. ऐकायला कावळेच होते.

दोन तास असेच गेले. मग हिराची जाऊ परत आली, सभेत दोन वाक्यं बोललेली तीच, यमुना. बोटावर शाई, तोंडावर हसू. घाईघाईने माझ्या हातातली काठी घ्यायला पुढे झाली.

"आन इकडं. मी बसते. तू जा धावत, रांग कमी हाय आता. मत टाकून ये."

तिला माहीत नव्हतं. हिराने कुणालाच सांगितलं नव्हतं. 'पाय दुखतोय' म्हणता आलं असतं, 'मागाहून जाते' म्हणता आलं असतं. मी काठी सोडली नाही.

"यमुना, माझं मत नाही इथं," मी म्हटलं. "मी तिकडची झाले. कॅनडाची. चार वर्षं झाली."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. चिखलाने भरलेल्या जीन्सकडे, काठीकडे, टांगलेल्या बोंबलांकडे. मी तिच्या उत्तराची वाट बघत उभी राहिले. इतकी वाट मी कुठल्या निकालाचीही बघितली नसेन.

"मग बरं झालं," यमुना म्हणाली. "तुला घाई नाय. बस तू, मी जेवून येते."